साबुदाणा झाडाला लागत नाही आणि शेतातही पिकत नाही

एका ताईंनी विचारलंय की आषाढीच्या तोंडावर त्यांच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, त्यात म्हटलंय की साबुदाणा कंद कुजवून, त्यात किडे पडू देऊन, पायानं तुडवून बनवतात, म्हणजे तो शाकाहारीच नाही. सासूबाई म्हणतात आमच्या सात पिढ्या उपासाला हेच खात आल्या. तर खरं काय, साबुदाणा असतो तरी कशाचा, उपासाला चालतो का, आणि चांगला कसा ओळखायचा, कारण गेल्या महिन्यात आणलेल्याची खिचडी न होता नुसता चिकट गोळा झाला.

ताई, आमचा धंदाच हा आहे. पुण्यात मार्केट यार्डात भुसारात वडलांचा गाळा, मी १९९१ पासून तिथे बसतो. साबुदाणा, भगर, शेंगदाणा, राजगिरा, शिंगाडा पीठ असा उपासाचा सगळा माल आमच्याकडे असतो. आषाढी ते नवरात्र हा आमचा सीझन, त्या दिवसांत जेवायलासुद्धा उसंत नसते. साबुदाणा जिथे बनतो त्या तमिळनाडूतल्या सेलमला मी तीनदा जाऊन आलोय. त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

आधी चिंता मिटवतो. साबुदाणा शाकाहारी आहे. तो एका कंदाचा असतो, त्या कंदाला इंग्रजीत टॅपिओका किंवा कसावा म्हणतात, केरळात कप्पा. कंद किसून, धुऊन, त्याचा खाली बसलेला पांढरा सत्त्वाचा भाग म्हणजे स्टार्च, त्याचे गोल दाणे करून भाजून वाळवले की झाला साबुदाणा. कुजवून वगैरे नाही, त्यावर खाली नीट लिहितो, कारण त्या व्हिडिओत एक-दोन गोष्टी अगदीच हवेतल्या नाहीत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही.

पण सात पिढ्यांचं म्हणाल तर सासूबाईंना मान देऊन सांगतो, तुमच्या डब्यातला साबुदाणा भारतात बनायला लागून ऐंशी वर्षं झालीत. त्याच्या आधीही बाजारात साबुदाणा होता, पण तो आगबोटीनं यायचा, आणि मूळचा साबुदाणा तर वेगळ्याच झाडाचा. मला या धंद्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे, की ज्याला आपण घरचं, देवाचं, पूर्वापारचं समजतो ते अर्धं जग फिरून आपल्या कढईत पडलेलं असतं.

मूळचा साबुदाणा ताडाच्या जातीच्या एका झाडाचा, सागूचं झाड म्हणतात त्याला. इंडोनेशियातली मोलुक्का बेटं आणि न्यू गिनी हा त्याचा मुलूख, दलदलीत वाढतं. आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग मरतं, म्हणून फुलायच्या जरा आधी, दहा-पंधरा वर्षांचं झालं की तोडतात, कारण तेव्हा खोडात स्टार्च सगळ्यात जास्त साठलेला असतो. खोड उभं फाडायचं, आतला गाभा किसायचा, पाण्यात कालवून गाळायचा, पीठ तळाशी बसतं. तिथल्या लोकांचं रोजचं अन्न ते. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या शेवटी सुमात्राला होता, त्यानंसुद्धा झाडातून पीठ काढतात आणि त्याच्या भाकऱ्या करतात म्हणून लिहून ठेवलंय. मलय भाषेत याला सागू म्हणतात, आपल्या साबुदाण्यातला ‘साबू’ तिथूनच आला. तमिळमध्ये साबुदाण्याला जव्वरिसी म्हणतात, म्हणजे जावाचा तांदूळ. सेलमच्या एका कारखान्याच्या मुकादमानं मला हे सांगितलं तेव्हा मी तीन वेळा विचारलं, कारण जिथे रोज ट्रकच्या ट्रक माल बनतो तिथले लोक त्याला अजून जावाचा म्हणतायत.

या सागूच्या पिठाचे गोल दाणे करायचं काम मलाक्का आणि सिंगापूरला चिनी कारखानदारांनी मोठ्या प्रमाणावर केलं, आणि एकोणिसाव्या शतकात ते दाणे सगळीकडे जायला लागले. आपल्याकडे तेव्हा साबुदाणा आणि आरारूट हे आजाऱ्याचं, बाळाचं, बाळंतिणीचं पचायला हलकं खाणं होतं. साबुदाण्याची पेज, दुधातली खीर. ताप आला की आजीनं साबुदाण्याची पेज दिल्याचं आमच्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल.

आता तो कंद. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या बाजूचा. टॅपिओका हा शब्दही ब्राझीलच्या तुपी भाषेतला. या कंदात एक भानगड आहे, कच्चा खाल्ला तर त्यातून सायनाइड तयार होतं, कडू जातीत तर खूपच. तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी यावर उपाय काढला, कंद किसायचा, वेताच्या लांब विणलेल्या नळीत भरायचा, नळी ताणून पिळायची, विषारी रस निघून जातो आणि उरलेलं भाजून खायचं. म्हणजे साबुदाण्याच्या कारखान्यात आज मशीन जे करतं, किसणं, धुणं, पाणी काढणं, साधारण तेच ते लोक तेव्हा हातानं करत होते. ते विष पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं उडून जातं, म्हणून साबुदाण्यापर्यंत ते पोचत नाही, याची काळजी करू नका.

पोर्तुगीजांनी हा कंद ब्राझीलहून आफ्रिकेत नेला आणि सतराव्या शतकात मलबारला आणला. पण तो लोकांच्या जेवणात आला तो त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांमुळे. १८८० ते १८८५ एवढीच पाच वर्षं राज्य केलं त्यांनी, पण वनस्पतींचा नाद होता आणि दुष्काळात तांदळाला काहीतरी पर्याय पाहिजे हे त्यांनी ओळखलं, म्हणून टॅपिओकाच्या लागवडीला जोर दिला. पुढे १९४२ साली जपाननं ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ बंद पडला आणि केरळातल्या गरिबांनी याच कंदावर दिवस काढले. कप्पा आणि मासळीची आमटी हे आज तिथे आवडीचं जेवण आहे, पण ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ते भुकेचं अन्न म्हणूनच आठवायचं.

त्याच महायुद्धानं आपला साबुदाणा बनवला. सिंगापूर जपानच्या ताब्यात गेलं, बाहेरून येणारा साबुदाणा आणि स्टार्च दोन्ही बंद. स्टार्च कापडगिरण्यांना खळीसाठी लागायचा, त्यामुळे मागणी प्रचंड आणि माल शून्य. सेलमच्या धंद्यात सांगतात ते असं, की १९४३ च्या सुमाराला माणिकम चेट्टियार नावाचे सेलमचे मासळीचे व्यापारी केरळात ये-जा करायचे, त्यांना पोपटलाल शाह भेटले, जे मलायातल्या पेनांगला राहून आले होते आणि ज्यांना साबुदाणा बनवायची पद्धत ठाऊक होती. एक मासळीवाला आणि एक गुजराती माणूस, दोघांनी मिळून सागूच्या झाडाऐवजी टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करून बघितला. सुरुवातीला सगळं हातानं, कापडाच्या झोळीत ओलसर पीठ घालून हलवायचं की गोळ्या वळतात. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९४४ ला, अन्नटंचाई एवढी झाली की कलेक्टरनं हुकूम काढला, टॅपिओका माणसांना खायला लागतोय, त्याचा साबुदाणा करायचा नाही आणि जिल्ह्याबाहेरही न्यायचा नाही. कारखानदारांनी संघटना केली, वरपर्यंत गेले आणि हुकूम उठवून आणला. विचार करा, तो हुकूम टिकला असता तर आज आषाढीला आपण काय खाल्लं असतं.

झाड मोलुक्काचं, कंद ब्राझीलचा, पद्धत मलायाची, कारखाना तमिळनाडूतला, आणि खाणार कोण तर महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश. खुद्द सेलममध्ये उपासाला साबुदाणा असं काही नाही, तिथे पायसम करतात, उन्हाळ्यात फेण्या घालतात आपल्या चिकवड्यांसारख्या, बाकी सगळा माल उत्तरेला रवाना. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका कामगारानं मला विचारलं होतं की तुम्ही लोक एवढ्या साबुदाण्याचं करता काय. मी म्हटलं आमच्याकडे देवाच्या दिवशी खातात. त्याला फार बरं वाटलं, त्यानं ते बाजूच्या दोघांना तमिळमध्ये सांगितलं.

आता कारखाना कसा असतो ते सांगतो, म्हणजे व्हिडिओचं उत्तर आपोआप मिळेल.

कंद साधारण दहा महिन्यांत तयार होतो, बी नाही लागत, काडीचे तुकडे लावतात. उपटला की दोन-तीन दिवसांत आतून काळा-निळा पडायला लागतो. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. म्हणूनच कारखाने शेताच्या उशाला आहेत, सेलम, आत्तूर, नामक्कल, धर्मपुरी या पट्ट्यात, आणि थोडे आंध्रात सामलकोटकडे. ट्रक आला की आधी नमुना घेऊन कंदात स्टार्च किती त्याचा ‘पॉइंट’ काढतात आणि त्या पॉइंटवर शेतकऱ्याला भाव मिळतो, आपल्याकडे दुधाला फॅटवर मिळतो तसा. मग साल काढायची, धुवायचं, मोठ्या किसणीच्या ड्रममध्ये किसायचं, पाण्याबरोबर चाळण्यांवरून गाळायचं. वर चोथा राहतो, त्याला तिथे तिप्पी म्हणतात, ती वाळवून गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याला जाते. खाली दुधासारखं पांढरं पाणी येतं, ते टाकीत काही तास स्थिर ठेवलं की स्टार्च खाली बसतो, दगडासारखा घट्ट, आणि वरचं पिवळट पाणी सोडून देतात.

मग तो ओला स्टार्च फोडून, भुगा करून, हलत्या मशीनमध्ये घालतात. हे मी तिथे अर्धा तास उभं राहून बघितलंय. आत नुसतं दमट पीठ जातं, ओल्या रांगोळीसारखं, आणि मशीन मागे-पुढे हलत राहतं, आणि बघता बघता त्यात मोहरीएवढे कण दिसायला लागतात, ते एकमेकांवर लोळत मोठे होतात, आणि दुसऱ्या टोकाला मोत्यांसारखे एकसारखे दाणे पडतात. त्यात काही चिकटवायला घालत नाहीत, फक्त ओल आणि हलवणं. हातात घेतला तर तेव्हा तो दाणा दोन बोटांत धरेपर्यंत पीठ होतो, इतका नाजूक असतो. चाळून आकार वेगळे करतात आणि मग तेलाचा हात फिरवलेल्या तापलेल्या लोखंडी तव्यांवरून भाजत नेतात. साबुदाणा साबुदाणा होतो तो इथे. उष्णतेनं दाण्याचा बाहेरचा थर शिजून चिकट होतो आणि आतला कच्चा राहतो, त्यामुळे तो थर कवचासारखा दाणा धरून ठेवतो. तसं नसतं तर घरी पाण्यात टाकल्याबरोबर त्याचं पुन्हा पांढरं पाणी झालं असतं. नंतर सिमेंटच्या मोठ्या अंगणात उन्हात वाळवणं, दंताळ्यानं वरखाली करणं, पॉलिश, आणि पोती. चार-पाच किलो कंदांचा साधारण एक किलो साबुदाणा होतो. दुपारी त्या अंगणाकडे बघवत नाही, एवढं पांढरं चकाकतं, कामगार डोक्याला टॉवेल बांधून डोळे बारीक करून काम करतात.

कुजवण्याचं म्हणाल तर उलटं आहे. स्टार्च टाकीत जास्त वेळ राहिला तर आंबतो, पिवळा पडतो, वास येतो आणि भाव कोसळतो. सेलमला कारखानदारांची सहकारी सोसायटी आहे, १९८१ ची, सागोसर्व्ह म्हणतात, तिथे माल सॅम्पल बघून टेंडरनं विकला जातो. आंबूस सॅम्पलला कोण हात लावेल. कुठला कारखानदार आपल्याच पायावर धोंडा मारून घेईल.

मग तो समज आला कुठून? वरचं जे पाणी सोडतात ते कुजतं, त्याची डबकी साचायची आणि त्याला भयंकर घाण वास यायचा, कारखान्याच्या आसपासच्या गावांचा तो खरा त्रास होता आणि त्यावर तक्रारी झाल्या ते योग्यच झालं. आता बरेच कारखाने त्या पाण्यापासून बायोगॅस करून त्यावर मशीन चालवतात. दुसरं, जुन्या कारखान्यांत टाक्या उघड्या असायच्या, दिव्याला आलेला किडा पाण्यात पडणार, आणि घट्ट बसलेला स्टार्च काढायला माणूस फावडं घेऊन टाकीत उतरायचा, अनवाणी. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, नाही म्हणणार नाही. हा स्वच्छतेचा प्रश्न आहे आणि ग्राहकानं त्यावर बोललंच पाहिजे. पण मुद्दाम किडे पाडतात आणि म्हणून तो मांसाहारी, हे साफ खोटं. मला तर वाईट याचं वाटतं की ज्यावर खरंच बोलायला हवं ते राहूनच जातं. माल जास्त पांढरा दिसावा म्हणून केमिकलनं ब्लीच करणं, आणि स्वस्त पडतो म्हणून टॅपिओकाच्या स्टार्चमध्ये मक्याचा स्टार्च मिसळणं, या दोन गोष्टींवर तमिळनाडूत कारवाया झालेल्या आहेत. मक्याचा असेल तर तो उपासाला चालणार नाही, कारण मका धान्य आहे. व्हिडिओ करायचा तर याच्यावर करा.

२०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला जीआय मानांकन मिळालं, म्हणजे ही त्याच मुलुखाची खास वस्तू असा सरकारी शिक्का. आपण रत्नागिरी हापूसचं जसं अभिमानानं सांगतो तसं तिथले लोक आता सांगतात.

उपासाला चालतो का, या प्रश्नावर मी शास्त्री नाही, पण आमच्या गाळ्यावर येणाऱ्या किती तरी जाणत्या माणसांकडून ऐकत आलो ते सांगतो. एकादशीला धान्य वर्ज्य, कंद-मूळ-फळ चालतं. साबुदाणा धान्य नाही, कंदाचा आहे, म्हणजे नियमात बसतो. बाकी घराघरात फरक असतोच, कुणाकडे कोथिंबीर चालते कुणाकडे नाही, कुणी जिरं टाळतात, कुणाकडे भगर एकादशीला नको पण चतुर्थीला हो. तुमच्या घरची रीत पाळा, त्यात चूक-बरोबर काही नाही.

आणि एकदा विषय निघालाच आहे तर उपासाचं बाकीचं ताटही बघा. खिचडीतला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. तमिळमध्ये त्याला मनिलाकोट्टै असंही नाव आहे, फिलिपाइन्सच्या मनिलावरून, आला कुठल्या वाटेनं त्याची खूणच नावात राहिली. हिरवी मिरची मेक्सिकोकडची, ती यायच्या आधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, आलं, पिंपळी. बटाटा पेरू देशातल्या डोंगरांतला, आणि आपण मराठीत बटाटा म्हणतो ते पोर्तुगीज बटाटावरून, हिंदीवाले आलू म्हणतात. रताळंही तिकडचंच. खिचडीत आपलं म्हणावं असं तूप राहतं, आणि जिरं, तेही फार जुन्या काळी पश्चिमेकडून आलेलं, पण इथलंच झालेलं.

राजगिऱ्याची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. राजगिरा मेक्सिकोचा. अझ्टेक लोकांचं ते मोठं पीक होतं आणि नुसतं पोटाचं नाही, देवाचं. सणाला राजगिऱ्याच्या पिठात मधासारखा गोड पाक मळून ते देवाची मूर्ती करायचे, पूजा झाली की मूर्तीचे तुकडे करून सगळ्यांना वाटायचे आणि लोक ते खायचे. १५२१ ला स्पॅनिश लोकांनी त्यांचं राज्य बुडवलं, आणि पाद्र्यांना या प्रसादात आपल्या धर्माची नक्कल दिसली, म्हणून तो विधी बंद पाडला, आणि देवाशी जोडलेलं पीकही मागे पडलं. पण लाह्यांचा पदार्थ टिकला. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घालून वड्या करतात, त्याला अलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. आमच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा तिकडे नोकरीला होता, त्यानं एक पाकीट आणून दिलं होतं. मी उघडलं आणि ताई, खरं सांगतो, ती आपली राजगिऱ्याची वडी. तेच दाणे, तोच पाक, वर भोपळ्याच्या बिया लावलेल्या एवढाच फरक. ज्या मुलुखात ते देवाच्या नावानं खायला बंदी झाली, तिथलं ते धान्यासारखं दिसणारं बी पार आपल्याकडे येऊन पुन्हा देवाच्याच दिवशी खाल्लं जातंय, आणि ना त्यांना माहीत ना आपल्याला. ती वडी मी वडलांच्या फोटोपुढे ठेवली होती.

मुळातलं इथलंच म्हणावं असं पीक ताटात दोनच, भगर आणि शिंगाडा. भगर म्हणजे वरी, आपल्या डोंगराळ भागातलं जुनं पीक, नाशकात तिच्या मिली आहेत. गंमत बघा, जे खरोखर इथलं आणि पूर्वापारचं आहे त्यावर ‘हे धान्य आहे की नाही’ म्हणून वाद होतो. एक सूचना तेवढी, भगरीचं तयार सुटं पीठ घेऊ नका, ओलीत त्याला लवकर बुरशी लागते आणि दर नवरात्रात कुठे ना कुठे विषबाधेची बातमी येते. भगर आणा, निवडा, धुवा, घरीच दळा.

आता तुमचा चिकट गोळा. साबुदाणा आला की वडील प्रत्येक पोत्यातला मूठभर एकेका स्टीलच्या वाटीत भिजवून रात्रभर ठेवायचे, वाटीखाली चिठ्ठी. सकाळी गाळा उघडला की पहिलं काम ते. एकेक दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबायचे. चांगला दाणा सगळीकडून सारखा दबतो, मऊ पण मोकळा, बोटाला चिकट राप राहत नाही. आत टणक मणी लागला तर भिजला नाही किंवा माल जुना, आणि दाबायच्या आधीच बोटाला पेस्ट लागली तर भाजणी कच्ची आहे किंवा भेसळ आहे. एका वर्षी सीझनमध्ये घाईत मी हे केलं नाही. चाळीस पोती एका व्यापाऱ्याकडून आली होती, दिसायला दुधासारखी पांढरी, भाव किलोमागे दोन रुपये कमी, मी खूश. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदारांचे फोन सुरू झाले, लोकांच्या खिचडीचा लगदा झाला. सणाच्या दिवशी लोकांचं ताट बिघडलं याचं जे वाटलं ते अजून जात नाही. सगळी पोती परत घेतली. वडील काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त त्यांनी वाट्या मांडल्या.

तर घेताना बघा. अगदी चुन्यासारखा पांढराफटक नको, जरा सायीसारखी झाक असलेला बरा. तळाशी पीठ, तुकडे कमी हवेत. हुंगून बघा, आंबूस वास नको. पाकिटावर नाव, पत्ता, फूड लायसन्स नंबर असलेलाच घ्या. आणि पाकिटावर ‘नायलॉन’ लिहिलंय का बघा, कारण तो वेगळा असतो, वाफेवर केलेला, काचेसारखा अर्धपारदर्शक, तो तळून चिवड्यात घालायचा. पुष्कळ जणी चुकून तो खिचडीला आणतात आणि मग नावं ठेवतात. प्लास्टिकचा त्याच्याशी काही संबंध नाही, दिसतो तसा म्हणून ते नाव पडलंय.

भिजवताना आधी दोन-तीन पाण्यांनी हलक्या हातानं धुवा, वरचं सुटं पीठ गेलंच पाहिजे, ते राहिलं की चिकटपणा तिथूनच सुरू होतो. मग पाणी दाण्यांच्या बरोबरीनं, वर बोटभर नाही. चार-पाच तास, मोठा दाणा असेल तर रात्रभर, मधे एकदा हात फिरवा. करायच्या आधी दाण्याचं कूट, मीठ, साखर साबुदाण्यालाच चोळून ठेवा, कूट वरची ओल घेतं आणि त्याचं तेल दाण्यांना सुटं ठेवतं. कढईत दाणा पारदर्शक दिसायला लागला की गॅस बंद, झाकण ठेवून एक वाफ, बास. जास्त परतलं की आतला स्टार्चही बाहेर येतो आणि मग काही उपाय नाही.

कूट घालण्यात कंजूषी करू नका, ते चवीपुरतं नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी आणि ऐंशीच्या वर ग्रॅम नुसते कर्बोदक, प्रोटीन जवळपास शून्य. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रोटीन. डायबेटिस असलेल्या माणसाला उपासाच्या नावाखाली दोन वेळा साबुदाणा देऊ नका, साखर झरकन वाढते, त्यांना भगर आणि दाण्याची आमटी थोडी बरी, तीही बेतानं आणि डॉक्टरांना विचारून.

तुमचं उरलेलं पाकीट टाकू नका. नुसताच चिकट होत असेल आणि वास ठीक असेल तर खिचडीच्या नादी लागू नका, भिजवून उकडलेला बटाटा, कूट, मिरची घालून थालीपीठ लावा, तिथे चिकटपणाच उपयोगी पडतो. वास आंबूस असेल तर मात्र दुकानदाराला परत द्या आणि बिल दाखवा, तो पुढे आमच्यासारख्याला परत देईल, आणि आम्ही पुढे. असा माल परत गेला तरच वर सेलमपर्यंत निरोप पोचतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.